अनुचित व्यापारी प्रथा आणि पुराव्याचा भार : ग्राहक संरक्षण कायद्याची एक चिकित्सा

ग्राहक संरक्षणाचा विचार १९८६ च्या अधिनियमापासून सुरू करण्याचा प्रघात आपल्याकडे पडला आहे. वस्तुतः ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ही संकल्पना भारतीय कायद्यात त्यापूर्वीच अवतरली. मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम, १९६९ हा मूलतः आर्थिक सत्तेच्या केंद्रीकरणाविरुद्धचा कायदा. खोट्या जाहिरातीला भुललेल्या ग्राहकाला त्यात थेट स्थान नव्हते. सच्चर समितीने १९७८ मध्ये ही उणीव निदर्शनास आणली आणि १९८४ च्या दुरुस्तीने कलम ३६-अ समाविष्ट झाले. ग्राहक संरक्षण अधिनियमाने आरंभी हीच व्याख्या उसनी घेतली. स्वतःची व्याख्या त्याला १९९३ मध्ये लाभली. त्याच दुरुस्तीतील दुसरा बदल मात्र फारसा चर्चिला जात नाही. मूळ तरतुदीनुसार अनुचित प्रथेमुळे आपली हानी झाली, असे तक्रारदाराला म्हणावे लागे. १९९३ नंतर व्यापाऱ्याने अशा प्रथेचा अवलंब केला, एवढेच तक्रारीस पुरेसे ठरले.

तक्रारीचे दार असे रुंद झाले. आत गेल्यावर ग्राहकापुढे काय वाढून ठेवलेले असते, हे एका प्रकरणावरून स्पष्ट व्हावे. २००७ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमासोबत ‘हर सीट हॉट सीट’ ही प्रेक्षकांसाठीची स्पर्धा घेण्यात आली. उत्तर पाठविण्यासाठी प्रत्येक लघुसंदेशामागे २ रुपये ४० पैसे आकारले जात. प्रत्येक भागातील विजेत्याला २ लाख रुपये मिळत. बक्षीस फुकट असल्याचा आभास निर्माण करून त्याची रक्कम प्रेक्षकांच्याच खिशातून काढली जाते, अशी तक्रार एका ग्राहक संस्थेने केली. राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये ती मान्य करून १ कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये हा निर्णय रद्द केला. बक्षिसाची रक्कम लघुसंदेशांच्या उत्पन्नातूनच दिली गेली याचा पुरावा अभिलेखावर नाही, हे त्यामागील मुख्य कारण.

केवळ अनुमानावर दंड बसविता येत नाही, हे खरेच. परंतु वाहिनी आणि दूरध्वनी कंपन्या यांच्यातील हिशेब तक्रारदाराने आणावयाचा कोठून? जी गोष्ट विशेषत्वाने एकाच पक्षाला ठाऊक असते, ती सिद्ध करण्याचा भार त्याच पक्षावर असतो, हे पुरावा कायद्याचे जुनेच तत्त्व आहे. ग्राहक कायद्याच्या कर्त्यांनी ते अनुचित प्रथांच्या बाबतीत स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले असते, तर निकाल कदाचित वेगळा लागता. २०१९ च्या अधिनियमातील कलम २(४७) मध्येही ‘फुकट’ बक्षिसाची व्याख्या जवळपास जुन्याच शब्दांत उतरली आहे, आणि पुराव्याच्या भाराविषयी ती तशीच मूक आहे.

जुलै २०२० पासून अस्तित्वात आलेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण हा या अडचणीवरील उपाय मानला जातो. त्याच्याकडे अन्वेषण शाखा आहे, झडती व जप्तीचे अधिकार आहेत. म्हणजे जे कागद ग्राहकाला मिळत नाहीत ते प्राधिकरणाला मिळू शकतात. तथापि कलम २१ मधील १० लाखांपर्यंतचा (पुनरावृत्ती झाल्यास ५० लाखांपर्यंतचा) दंड केवळ खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी आहे. जाहिरातीच्या कक्षेत न बसणाऱ्या अनुचित प्रथेबाबत कलम २० नुसार मुख्यतः ती थांबविण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश देता येतो. दंडाचा प्रश्न आदेश मोडल्यावरच उद्भवतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन व्यवहारांतील १३ फसव्या रचना निषिद्ध ठरविणारी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. तीही याच चौकटीत बसविलेली आहेत.

नव्या व्याख्येत एक साधी तरतूद आली आहे : देयकात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथा होय. येथे ग्राहकाला कोणाचे हिशेब धुंडाळावे लागत नाहीत. देयक आणि सदोष वस्तू एवढाच त्याचा पुरावा, आणि देयक न देणे हीसुद्धा त्याच कलमानुसार अनुचित प्रथा. तरीही ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी, सदोष मालाचा अपवाद न करता, अनेक दुकानांत गल्ल्यामागे टांगलेली आढळते आणि पुष्कळदा तीच ओळ देयकाच्या तळाशी छापलेली असते.