उत्सिराच्या वाळूतली दीपमाळ

स्लाइप्नरच्या भूकंपीय छेदचित्रांची मालिका समोर आली की नजर थेट 1999 च्या चौकटीवर जाते. ते साहजिकच आहे, सगळा उजेड तिथे आहे. माझा मात्र आग्रह असतो की आधी 1994 ची चौकट पाहावी. तिच्यात फिकट, आडव्या, जवळजवळ निर्विकार रेघा आहेत. मालिकेचा सगळा अर्थ या रेघांवर उभा आहे, कारण त्या कार्बन डायऑक्साइड खाली जाण्यापूर्वीच्या आहेत.

स्लाइप्नर हे उत्तर समुद्रातलं नॉर्वेचं वायुक्षेत्र. तिथल्या नैसर्गिक वायूत सुमारे 9 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. विक्रीसाठी तो 2.5 टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागतो. वेगळा काढलेला वायू हवेत सोडायचा तर नॉर्वेने 1991 मध्ये लावलेला कर भरावा लागणार होता. म्हणून 1996 पासून तो समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 मीटर खोल, उत्सिरा नावाच्या वाळूच्या थरात सोडला जाऊ लागला. या वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांत खारं पाणी भरलेलं आहे आणि वर शेल खडकाचं जाड झाकण आहे.

आता 1999 कडे वळू. मधोमध एक अंधुक उभा पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकावर एक चढत गेलेल्या ठळक रेघा: देवळापुढची पेटलेली दीपमाळच. या रेघा दिसतात कशा? जहाजावरून एअरगनचा धक्का द्यायचा आणि मागे ओढलेल्या केबलमधल्या हायड्रोफोनांनी त्याचे प्रतिध्वनी टिपायचे. खाऱ्या पाण्याने भरलेल्या वाळूतून ध्वनी सेकंदाला सुमारे 2,050 मीटर वेगाने जातो; कार्बन डायऑक्साइड शिरला की हा वेग 1,450 मीटरच्या आसपास उतरतो. वेग जिथे एकदम बदलतो तिथून प्रतिध्वनी जोरात परततो आणि पडद्यावर रेघ उजळते.

या चित्राचं खरं सौंदर्य मला पुढच्या गोष्टीत दिसतं. उत्सिराच्या वाळूत जेमतेम मीटरभर जाडीचे शेलचे पापुद्रे आहेत, हे विहिरींच्या नोंदींवरून माहीत होतं. ते किती दूर पसरले आहेत हे 1994 च्या चौकटीत कुठेच दिसत नव्हतं. वर चढणारा वायू प्रत्येक पापुद्र्याखाली अडला, आडवा पसरला, आणि त्या अडण्यामुळेच पापुद्रा नजरेत आला. वायूचे असे नऊ थर मोजता येतात. शिवाय तीन वर्षांतच वायू सर्वांत वरच्या थरापर्यंत पोचला होता, म्हणजे पापुद्र्यांना वाटा आहेत. अडवणूक आणि वाट दोन्ही एकाच चित्रात वाचता येतात. वरच्या जाड झाकणाच्या पलीकडे मात्र एकही रेघ उजळलेली नाही.

खालच्या रेघा मध्यभागी वाकलेल्या दिसतात. खडक तिथे वाकलेला नाही. वायूतून जाताना ध्वनीला उशीर होतो, म्हणून तळ खोल गेल्यासारखा भासतो. हा भास संशोधकांनी टाकून दिला नाही. उशीर किती झाला, यावरून वर वायू किती साठलाय याचा अदमास त्यांनी घेतला. कसलेल्या वाचकाची ही रीत मला फार मोलाची वाटते.

1999 नंतर 2001, 2002, 2004, 2006, 2008, 2010 अशी सर्वेक्षणं होत गेली. प्रत्येक वेळचा विदा एकाच पद्धतीने संस्कारित करून मूळ चौकट त्यातून वजा करायची, हे काम संगणकाशिवाय अशक्य होतं. पण संगणकालाही या चित्रांनी शिकवलं. वरच्या थरातला वायू उत्तरेकडे एका अरुंद उंचवट्याखालून ज्या वेगाने सरकला, तो वेग प्रवाहाच्या प्रारूपांना सहज पकडता आला नाही. प्रारूपं पुन्हा जुळवावी लागली. चित्राच्या मर्यादाही आहेत: पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड या लहरींना जवळजवळ दिसतच नाही. त्यासाठी समुद्रतळावर गुरुत्वाकर्षणाची सूक्ष्म मोजमापं करून जोड द्यावी लागली.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये कार्बन साठवण्याचा विचार आपल्याकडे मांडला जातो. थरावर थर रचलेल्या बेसॉल्टमध्ये भूकंपीय लहरी विखुरतात, त्यामुळे इतकं स्वच्छ चित्र तिथे मिळणं कठीण. तरी वायू सोडण्याआधीची नोंद हवीच. ती नंतर कितीही पैसे मोजून मिळत नाही.

स्लाइप्नरचा भूकंपीय विदा आणि साठवणीचं प्रारूप हे वायुक्षेत्र चालवणाऱ्या कंपनीने व तिच्या भागीदारांनी संशोधनासाठी खुलं केलं आहे. भूभौतिकी किंवा संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तो उतरवून घ्यावा, आणि 1994 ची वजाबाकी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावी.