निवडणुकीची मराठी आणि कारभाराची मराठी

ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद या संस्थांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते बहुतांशी कायदा, निधी आणि पक्षबल यांच्या अंगाने. ज्या मराठीतून या संस्थांची निवडणूक लढविली जाते आणि ज्या मराठीतून पुढे पाच वर्षे त्यांचा कारभार चालतो, तिचा विचार झाला तो मुख्यतः शब्दांच्या कुळापुरता. अमुक शब्द फारसी म्हणून त्याज्य, तमुक संस्कृत म्हणून ग्राह्य, ही दृष्टी राज्यव्यवहारकोशापासून चालत आली आहे, आणि सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने विसाव्या शतकात तिला नवी धार दिली. परंतु कुळावरून शब्दाची योग्यता ठरविणे हे काम सोपे आहे म्हणूनच ते पुनःपुन्हा केले जाते. लोकशाहीच्या व्यवहारात अधिक महत्त्वाचा प्रश्न वाक्यरचनेचा आहे: कोणी केले, हे वाक्य सांगते की लपविते? या दृष्टीने पाहू गेल्यास असे आढळते की, निवडणुकीच्या मराठीत कर्ते गरजेपेक्षा अधिक आहेत आणि कारभाराच्या मराठीत ते जवळजवळ नाहीतच. निवडून आलेला सभासद या दोन भाषांच्या मध्ये सापडतो.

प्रारंभ 'उमेदवार' या शब्दापासून करणे सोयीचे होईल. उमेद म्हणजे आशा. ती बाळगणारा तो उमेदवार. जुन्या व्यवहारात कचेरीत पुढेमागे जागा मिळेल या आशेने बिनपगारी राबणाऱ्या तरुणाला उमेदवार म्हणत. तो अर्थ 'उमेदवारीचा काळ' या प्रयोगात अद्याप टिकून आहे. नटाची, गवयाची, वकिलाची उमेदवारी म्हटली की गुरूच्या हाताखाली काढलेली वर्षे डोळ्यांपुढे येतात. निवडणुकीच्या उमेदवारीतून शिकण्याचा हा अर्थ गळून पडला आणि आशेचा तेवढा उरला. ग्रामपंचायतीचा अर्ज भरणाऱ्यास वय एकवीस पूर्ण आहे काय, अपत्ये किती, घरी शौचालय आहे काय, मालमत्ता व गुन्ह्यांची नोंद काय, हे विचारले जाते, आणि ते विचारणे योग्यही आहे. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्याला सातवी उत्तीर्ण असावे लागते. अंदाजपत्रक कधी पाहिले आहे काय, असे मात्र कोणी विचारीत नाही. लोकशाहीत तसे विचारूही नये. कारण ते विचारण्याचा अधिकार मतदाराचा आहे. परंतु मतदाराच्या बोलीत हा प्रश्न विचारण्यासाठी शब्द आहेत काय, हे पाहिले पाहिजे.

मतदाराच्या बोलीत क्रियापदे मात्र विपुल आहेत. माणूस निवडणुकीस 'उभा राहतो', 'निवडून येतो' किंवा 'पडतो'. या तिन्ही अकर्मक क्रियांना बोलीने तितक्याच सहजपणे सकर्मक जोड दिली आहे: 'उभा करणे', 'निवडून आणणे', 'पाडणे'. "ती उभी राहिली" आणि "तिला उभी केली" ही दोन वाक्ये एकाच अर्जाविषयी, एकाच मतपत्रिकेविषयी असू शकतात. पहिल्यात उमेदवार हा कर्ता आहे. दुसऱ्यात तो कर्म आहे आणि कर्त्याचे नाव मतपत्रिकेवर नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होत नाही. कपबशी, शिट्टी यांसारखी मुक्त चिन्हे असतात आणि गावात 'पॅनेल' उभे राहते. पॅनेल उभे राहते असे म्हणतात खरे, पण ते कोणी 'उभे केले' हे गावातील पोरासोरांनाही ठाऊक असते. म्हणजे निवडणुकीच्या भाषेत प्रयोजक कर्ता उघड वावरतो. त्याविषयी बोलीला संकोच नाही. राजकीय निरीक्षकाने चार पाने खर्चून जे सांगावे ते बोली एका क्रियापदाच्या बदलाने सांगून मोकळी होते.

या सामर्थ्याला एक अपवाद आहे, आणि तो लक्षणीय आहे. 'बिनविरोध' हा शब्द घेतल्यास त्यात विरोध का नाही, याचे उत्तर नाही. सर्वांनी एकत्र बसून समजुतीने नावे ठरविली असोत, दांडग्याच्या भयाने कोणी अर्ज भरला नसो, किंवा पदाचा चक्क लिलाव झालेला असो, तिन्ही प्रसंगी हा एकच शब्द चालतो. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघडकीस आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणुका रद्द केल्या. लिलावातून येणारी रक्कम देवळासारख्या सार्वजनिक कामास लागावयाची असते, म्हणून त्यात कोणाला वावगे वाटले नसेल, अशी सबब अशा प्रसंगी पुढे येते. सबब काहीही असो. 'बिनविरोध' या शब्दाच्या मुलाम्याखाली बोली आणि लिलाव हे दोन्ही झाकले जातात, एवढे भाषेच्या दृष्टीने नमूद करणे पुरे.

निवडून आल्यावर मिळते ते काय? वृत्तपत्रे 'पद' म्हणतात आणि ते 'भूषवितात'. खेड्यातील बोली 'सरपंचकी' म्हणते, जशी ती वरच्या पायरीवर 'आमदारकी' म्हणते. हा 'की' प्रत्यय पाटीलकीतून आलेला आहे आणि पाटीलकी ही वतनी होती. महसुली पाटलांचे वतनी पद महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने गेले, प्रत्यय मात्र राहिला. त्यावरून लोकांच्या मनात लोकशाहीचे पद अद्याप वतनच आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निम्माच खरा आहे. 'पाटीलकी गाजविणे' जसे आहे तसे 'पाटीलकी करणे'ही आहे. वकिली करतात, तशी सरपंचकीही करतात. या प्रत्ययात हक्काबरोबर कामाचाही अर्थ आहे. 'पद' मात्र रिक्त होते, भरले जाते, भूषविले जाते; ते कोणी 'करीत' नाही. संस्कृत शब्द हा अधिक लोकशाहीचा आणि गावठी प्रत्यय सरंजामी, हा सुशिक्षितांचा समज येथे तपासून पाहण्याजोगा ठरतो.

सेवकत्वाची कथाही अशीच. शहरात कायदा ज्याला सदस्य म्हणतो त्याला लोक नगरसेवक म्हणतात, आणि हा शब्द आता इतका रुळला आहे की त्यातील सेवक कोणाच्या कानावर पडत नाही. गावात उलट घडले. पंचायतीचा पगारी सचिव तो ग्रामसेवक. २०२४ मध्ये ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून त्याला ग्रामपंचायत अधिकारी हे नाव मिळाले. निवडून आलेला तो सेवक आणि नेमलेला तो अधिकारी, अशी ही विभागणी झाली. नावाने अधिकार वाढत नाही हे खरे. पण पंचायतीच्या कचेरीत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या सदस्याने समोरच्याला काय म्हणून हाक मारावी, यावर पुढचे बोलणे कसे होईल हे पुष्कळसे अवलंबून असते.

हा प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत अधिक तीव्र होतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायत संस्थांत स्त्रियांसाठी निदान एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. मराठीत पदनामाचे स्त्रीलिंग पूर्वी पत्नीचे वाचक असे: पाटलाची पत्नी ती पाटलीण. राखीव जागांमुळे हा क्रम उलटला; पद पत्नीचे झाले आणि त्यावरून पतीला नाव मिळाले, 'सरपंचपती'. वरवर पाहता ही व्याकरणाने केलेली भरपाई वाटते. परंतु 'पती' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. सभापती, राष्ट्रपती यांतील पती हा स्वामी आहे. सरपंचाचा नवरा आणि सरपंचाचा धनी हे दोन्ही विग्रह या समासात बसतात, आणि तो थट्टेने वापरणाऱ्यांना दुसरा विग्रह चांगलाच ठाऊक असतो. ज्या बाईला 'उभी केली' तिच्याविषयी हा शब्द वापरला जातो; जी 'उभी राहिली' तिलाही तो चिकटतो, आणि अन्याय होतो तो येथे.

आता दुसऱ्या भाषेकडे वळावयाचे. सभेची नोटीस हातात पडते तिच्यात पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला असतो: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे. गावात इतिवृत्ताला कोणी इतिवृत्त म्हणत नाही. ते 'प्रोसिडिंग' होय, आणि सदस्याचा त्याच्याशी संबंध मुख्यतः सहीपुरता येतो. त्यातील वाक्ये अशी असतात: "सदर विषयावर सविस्तर चर्चा करण्यात आली. काम तातडीने पूर्ण करण्याचे ठरविण्यात आले. ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात येत आहे." चर्चा कोणी केली, काम कोण करणार, केव्हापर्यंत, यांपैकी काहीही या तीन वाक्यांवरून समजत नाही.

'-ण्यात येणे' या रचनेत 'कडून' किंवा 'तर्फे' जोडून कर्ता आणता येतो. व्याकरणाची आडकाठी नाही. कारभाराच्या मराठीत तो आणला जात नाही, एवढेच. तो न आणण्याच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. निर्णय संस्थेचा असतो, व्यक्तीचा नसतो; ठराव एकदा मंजूर झाला की विरोधात मत देणाऱ्यालाही तो बांधतो; म्हणून कर्ता वगळणे हे सामूहिक जबाबदारीचे व्याकरण आहे, असे म्हणता येईल. 'मंजूर करण्यात येत आहे' या वाक्यापुरते हे मान्य करावे लागेल. पण 'काम पूर्ण करण्याचे ठरविण्यात आले' यात दोन क्रिया आहेत. ठरविणारी पंचायत आहे. पूर्ण करणारा कोणी तरी एक माणूस असावा लागतो. सामूहिक क्रियेचा कर्ता गाळण्याची सवय वैयक्तिक क्रियेलाही लागली, हा खरा दोष आहे. विशेष म्हणजे मूळ कायदा या बाबतीत मोघम नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे ३८ वे कलम पंचायतीच्या ठरावांची अंमलबजावणी सरपंचाकडे सोपविते आणि कर्तव्यपूर्तीबद्दल त्याला थेट जबाबदार धरते. ग्रामनिधीतून पैसा काढावयाचा तर सरपंच आणि सचिव यांच्या सह्या लागतात. कायद्यात कर्ता आहे, धनादेशावर कर्ता आहे. मधल्या प्रोसिडिंगात तेवढा तो हरवतो. आणि हिशेबात चूक निघून चौकशी लागली म्हणजे तो पुन्हा सापडतो, कारण सही कोणाची हे पाहिले जाते. ज्या सदस्येला आपण काय मंजूर केले हे वाक्यावरून कळले नव्हते, तिला ते नोटिशीवरून कळते.

या गद्याला सभासदांची गरज किती कमी आहे याचा पुरावा शहरांनी पुरविला. राज्यातील अनेक महानगरपालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षे तेथे प्रशासकांनी कारभार पाहिला. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एका अधिकाऱ्याच्या हाती आले. ठराव होत राहिले, आणि त्यांची वाक्ये पूर्वीसारखीच राहिली: मान्यता देण्यात येत आहे, मंजुरी देण्यात येत आहे. सभागृह भरलेले असो वा रिकामे, त्या वाक्यांना एक शब्दही बदलावा लागला नाही.

तथापि कारभाराची मराठी सर्वस्वी निर्जीव आहे असे म्हणणे चुकीचे होईल. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, वसुली, शिल्लक, दाखला, उतारा हे शब्द कचेरीतही चालतात आणि ओट्यावरही. "यंदा वसुली किती झाली?" हा प्रश्न ग्रामसभेत कोणीही, कसलीही तयारी न करता, विचारू शकतो. इतिवृत्त, विनियोग, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी या शब्दांविषयी तसे प्रश्न उठत नाहीत. वर्षातून निदान चार ग्रामसभा भराव्या लागतात. त्यांत प्रश्न दिव्यांविषयी आणि पाण्याविषयीच का येतात आणि निधीच्या विनियोगाविषयी क्वचितच का येतात, याचे एक कारण, एकमेव नव्हे, या शब्दसंपत्तीच्या वाटणीत शोधावे लागेल. गणपूर्तीला गाव 'कोरम' म्हणते आणि कोरमअभावी सभा 'तहकूब' होते; इंग्रजी व जुना दरबारी असे हे दोन्ही शब्द सर्वांना कळतात. कळतात ते वापरामुळे, कुळामुळे नव्हे.

प्रोसिडिंगातील प्रत्येक ठरावाखाली दोन जागा मात्र अशा आहेत की जेथे नाव घालावेच लागते: सूचक आणि अनुमोदक. एवढ्या कर्तृहीन गद्यात हे दोन कर्तृवाचक शब्द तगून राहिले आहेत. त्यांच्या खाली 'अंमल करणार' अशी तिसरी ओळ घालून तीत एक नाव आणि एक तारीख लिहावयाची तर त्यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही आणि कायदाही बदलावा लागत नाही. ३८ व्या कलमात ते नाव १९५८ पासून आहे.