मैना पळून का जात नाही?

‘माणूस’ म्हटलं की आधी शांता हुबळीकरांचं गाणं आठवतं. मग कुणीतरी सांगतं, की व्ही. शांतारामांनी १९३९ साली ‘प्रभात’साठी केलेला हा सिनेमा म्हणजे ‘देवदास’ला उत्तर आहे: प्रेमभंग झाला म्हणून मरायचं नसतं. दोन्ही खरं. पण त्यात गोष्ट गणपतची होऊन जाते आणि मैना मागे राहते.

गणपत (शाहू मोडक) साधा पोलीस शिपाई. धाडीत तो मैनाला वाचवतो, तिच्या प्रेमात पडतो, तिला त्या वस्तीतून बाहेर काढायचं ठरवतो. आईकडेही नेतो. एरवीच्या सिनेमात इथे सगळं सुरळीत झालं असतं. मैना मात्र त्या मायेपुढे आणखीच अवघडते. तिने अजून कुठलाही गुन्हा केलेला नाही, तरी ती स्वतःला गुन्हेगार समजते. हे तिला लोकांनी शिकवलंय. मी कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहतो. इथे कुणाच्या दारात कोण आलं हे गल्लीभर कळतं. त्यामुळे तिचं ते अंग चोरणं मला अजिबात जुनं वाटलं नाही.

गणपतचं प्रेम खरं आहे. पण त्यात ‘मी हिला सुधारतोय’ हेही आहे. आणि तो ज्या कायद्याची वर्दी घालतो, तोच तिच्या दारावर धाड घालतो.

पुढे तिला छळणाऱ्या नातेवाइकाचा तिच्या हातून खून होतो. गणपत तिला कोठडीतून सोडवायला तयार होतो, आणि ती नकार देते. ‘हाय नून’मध्ये (१९५२) गॅरी कूपरचा मार्शल शेवटी बिल्ला धुळीत फेकून बायकोसोबत गाव सोडतो. त्याच्यापुढे मोकळा माळ आहे. मैना कुठे जाणार? जाईल तिथे लोकांच्या नजरा असणारच. म्हणून तिचा नकार मला शरणागती वाटत नाही. तोवर तिच्याबद्दल सगळं इतरांनी ठरवलं होतं. हे तिने ठरवलं.

माझी तक्रार सिनेमाबद्दल आहे. शेवटी गणपत जगायला शिकतो आणि मैना जन्मठेप भोगते. जगण्याची बाजू घेणाऱ्या या सिनेमात पुन्हा जगायची संधी फक्त त्यालाच मिळते. ‘माणूस’ जरूर बघा, पण शीर्षकातला माणूस कोण, हे स्वतः ठरवा. माझ्या मते ती मैना आहे.