'लिओ' : गुण, दोष आणि देखभाल

टाचण म्हणजे काय हे शिक्षकांना समजावून सांगावे लागत नाही. प्रकरण, त्याखाली घटक, घटकाखाली उपघटक, आणि प्रत्येक उपघटकाखाली वर्गात सांगायचे उदाहरण किंवा करून दाखवायचा प्रयोग. मुद्द्यांची ही उतरंड संगणकावर मांडता यावी, हवी तेव्हा झाकता-उघडता यावी, एखादा मुद्दा त्याच्या पोटातल्या सगळ्या मजकुरासह उचलून दुसरीकडे ठेवता यावा, यासाठी जी साधने निघाली त्यांना आउटलाइनर म्हणतात. त्यांपैकी 'लिओ' या साधनाची चिकित्सा आम्ही येथे करणार आहोत. लिओ मोफत आहे, त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे आणि ते स्वयंसेवकांनी चालवलेले आहे. मात्र आम्ही ते निवडले ते वेगळ्या कारणाने. एखादे साधन काय काय करते हे आपण विचारतो. ते बिघडल्यावर दुरुस्त कोण करते, हे सहसा विचारत नाही. लिओच्या निमित्ताने हा प्रश्न नीट विचारता येतो.

लिओचे जनक एडवर्ड रीम हे अमेरिकन प्रोग्रॅमर. डोनाल्ड कनूथ या नामवंत संगणकशास्त्रज्ञांनी १९८४ साली एक विचार मांडला होता : प्रोग्रॅम हा यंत्रासाठी नव्हे, माणसाने वाचावा म्हणून निबंधासारखा लिहावा. १९९० च्या दशकाच्या मध्यावर रीम या विचाराशी झटत होते. निबंधाचे तुकडे एकमेकांत कसे बसवायचे, ही अडचण होती. तुकड्यांची उतरंड केली, म्हणजेच त्यांचे टाचण केले, तर गुंता सुटतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून लिओ जन्मले. पुढे ते पायथन या संगणकभाषेत नव्याने लिहिले गेले आणि जगभरातील स्वयंसेवक त्याला हात लावू लागले.

लिओच्या खिडकीत एका बाजूला मुद्द्यांचे झाड दिसते आणि दुसऱ्या बाजूला निवडलेल्या मुद्द्याचा मजकूर. एवढे तर इतर साधनेही करतात. लिओचा खरा विशेष म्हणजे 'क्लोन'. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाने हिवरे बाजारच्या पाण्यावर टाचण करायला घेतले असे समजू. पाणलोट क्षेत्र भूगोलात येते, पाणी जमिनीत मुरण्याचा प्रयोग विज्ञानात, आणि पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडणारी व त्यावरून पिके ठरवणारी ग्रामसभा नागरिकशास्त्रात. 'पाण्याचा ताळेबंद' हा मुद्दा तिन्ही ठिकाणी लागतो. कागदी वहीत तो तीनदा उतरवावा लागेल, आणि पावसाचा आकडा एका ठिकाणी सुधारला की दुसऱ्या दोन ठिकाणी जुनाच राहील. लिओमध्ये त्या मुद्द्याचे क्लोन तिन्ही जागी ठेवता येतात. त्या नकला नव्हेत. एकच मुद्दा तीन ठिकाणांहून दिसतो. एकीकडे दुरुस्ती केली की ती सगळीकडे झालेली असते. ज्ञानाचे विषय आपण सोयीसाठी पाडतो, निसर्ग पाडत नाही, हे या सोयीने सहज पटते. लिओचा हा गुण आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो.

आता दोष. पहिला असा की लिओ बसवण्यासाठी आधी पायथन आणि क्यूटी हा खिडक्या रेखाटणारा संच बसवावा लागतो. शाळेच्या संगणक कक्षात एकट्याने काम करणाऱ्या शिक्षकाला हे जड जाते. दुसरा, त्याचे मार्गदर्शन प्रोग्रॅमरांना समोर ठेवून लिहिलेले आहे. पाठाचे टाचण करणाऱ्याला त्यातून आपल्या उपयोगाचे वेचून घ्यावे लागते. तिसरा, क्लोन एका फाइलपुरतेच चालतात. भूगोलाच्या शिक्षकाची फाइल वेगळी आणि विज्ञानाच्या शिक्षकाची वेगळी असेल तर तो लाभ संपला. चौथा दोष सर्वांत गंभीर आहे. लिओची रचना, निर्णय आणि आज्ञावलीचा मोठा भाग वर्षानुवर्षे एकाच व्यक्तीच्या हातून आलेला आहे. ती व्यक्ती थकली तर?

या चौथ्या दोषाचे वजन कळण्यासाठी 'मोअर' या जुन्या आउटलाइनरचा इतिहास पाहावा. डेव्ह वाइनर यांच्या कंपनीने १९८६ साली मॅकिंटॉश संगणकासाठी तो काढला आणि तो नावाजला गेला. १९८७ साली ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली. काही वर्षांनी मोअरची वाढ थांबली. आज्ञावली बंद कपाटात होती, त्यामुळे वापरणाऱ्यांपैकी जाणकारांनाही तो नव्या संगणकांवर चालता ठेवता आला नाही. मोअर चांगला होता की वाईट, हा प्रश्नच मग उरला नाही. मराठी शिक्षकांना हा अनुभव दुसऱ्या रूपात ठाऊक आहे. १९९० च्या दशकात निरनिराळ्या खासगी फाँटांत टंकलेल्या प्रश्नपत्रिका आज उघडल्या तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. मजकूर कुठेही गेलेला नाही. तो वाचण्याची किल्ली हरवली आहे.

याच्या उलट 'ऑर्ग-मोड' हा दुसरा खुला आउटलाइनर. हॉलंडमध्ये काम करणारे खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी तो २००३ साली स्वतःच्या नोंदींसाठी लिहायला घेतला. २०११ साली त्याची धुरा बास्तियाँ गेरी यांनी घेतली आणि काम चालू राहिले. त्याची फाइल साध्या मजकुराची असते : एक तारका म्हणजे मुख्य मुद्दा, दोन म्हणजे उपमुद्दा. ऑर्ग-मोड उद्या नाहीसा झाला तरी ती फाइल कोणत्याही संगणकावर डोळ्यांनी वाचता येईल. लिओसारखे क्लोन त्यात नाहीत, पण खांदेपालटाच्या कसोटीला तो उतरला आहे. लिओची फाइलही मजकुराचीच असते आणि आज्ञावली खुली आहे, म्हणून मोअरची गत त्याची व्हायलाच हवी असे नाही. पण खुलेपणामुळे वारसदार येण्याची फक्त वाट मोकळी राहते. वारसदाराला यावे लागतेच.

जपणुकीचा हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये याच जिल्ह्यातील नेवासे येथे सिद्ध झाली. पुढची तीनशे वर्षे ती हातोहात उतरवली गेली आणि प्रतींत पाठभेद शिरले. शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कोणी आपल्या ओव्या घालू नयेत असे बजावले. देखभालीचे याहून मोठे उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. तरीही संशोधकाला एक उणीव जाणवते : कोणत्या ओवीत कोणता शब्द बदलला आणि का, याची यादी त्या प्रतीसोबत नाही. त्यामुळे एकनाथपूर्व पाठाचा शोध अभ्यासकांना पुढे स्वतंत्रपणे करावा लागला. लिओचे स्वयंसेवक 'गिट' ही बदलांची नोंद ठेवणारी व्यवस्था वापरतात. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी ती तयार केली. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने बदलली, हे तीत कायम राहते. चूक झाली तर मागे जाता येते. नव्या माणसाला जुन्या माणसाचे मन वाचता येते. एका व्यक्तीवर भार असण्याच्या दोषावर हा अर्धा उपाय आहे.

उरलेला अर्धा उपाय माणसांचा. पायथनची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० रोजी निवृत्त झाली. तिच्यात लिहिलेले सर्व काही तिसऱ्या आवृत्तीत आणावे लागले. क्यूटी चौथ्या आवृत्तीवरून पाचव्या व सहाव्या आवृत्तीवर गेले. लिओने ही स्थित्यंतरे पार केली. वापरणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला फक्त 'चालते आहे' एवढेच दिसते. बंधारा बांधताना छायाचित्रे निघतात, गाळ उपसताना निघत नाहीत.

या कामात आपला वाटा कोठे आहे? एक नेमके उदाहरण देतो. एखादे चिन्ह शब्दाचा भाग आहे की नाही, हे ठरवण्याची पायथनची नेहमीची कसोटी देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांना शब्दाचा भाग मानत नाही. या कसोटीवर विसंबणाऱ्या साधनात 'जल' हा अख्खा शब्द शोधायला सांगितला, तर 'जलचर' वगळला जातो, पण 'जलाशय' मात्र सापडतो. कारण 'ल'नंतरचा काना पायथनला शब्दाचा शेवट वाटतो. इंग्रजीत लिहिणाऱ्या स्वयंसेवकाला ही चूक दिसण्याचा संभवच कमी. ती दिसेल नेवासे, संगमनेर किंवा श्रीगोंद्याच्या शाळेत मराठी टाचण लिहिणाऱ्याला. अकरावी-बारावीचे विद्यार्थी हा प्रयोग दहा मिनिटांत करू शकतात : वीस मराठी शब्द घ्यावेत, शोधाचा निकाल काय येईल हे आधी लिहून ठेवावे, मग ताडून पाहावे. साधन कोणते, आवृत्ती कोणती, काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे चार ओळींत लिहून कळवले की ती उपयुक्त तक्रार झाली. प्रोग्रॅम लिहिता आलाच पाहिजे असे नाही.

आमचा निर्वाळा असा. एकट्याने मोठा अभ्यासविषय हाताळणाऱ्या आणि पायथनची भीती नसलेल्या शिक्षकाने लिओ जरूर वापरून पाहावे. क्लोनची कल्पना एकदा अंगवळणी पडली की कागदी टाचण अपुरे वाटू लागते. ज्यांना फक्त नोंदी नीट ठेवायच्या आहेत त्यांना साध्या मजकुराची, तारका लावलेली फाइल पुरेशी आहे. साधन कोणतेही निवडा. निवडण्यापूर्वी मात्र दोन प्रश्न विचारा. हे साधन बंद पडले तर माझा मजकूर वाचता येईल का? आणि ते दुरुस्त करण्याची मुभा कोणाला आहे? पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल आणि दुसऱ्याचे 'फक्त कंपनीला', तर वीस वर्षांचे टाचण त्यात घालण्याआधी थांबावे.