काळा चौकोन, गायतोंडे आणि आपली घाई

पडद्यावर दिसतो आहे तो काळा चौकोन काझिमिर मालेविचचा. १९१५ च्या डिसेंबरात पेत्रोग्रादमध्ये '०,१०' नावाचं प्रदर्शन भरलं, तिथे तो पहिल्यांदा लोकांपुढे आला. टांगला होता कुठे? खोलीच्या वरच्या कोपऱ्यात. रशियन घरात ती जागा देवाच्या प्रतिमेची. आपल्याकडे देव्हाऱ्यात कुणी कोरी पाटी ठेवावी, तसंच झालं म्हणा ना.

अशा चित्राला आपण मराठीत 'अमूर्त' म्हणतो. हा शब्द जरा तपासू. अमूर्त म्हणजे ज्याला आकार नाही ते. पण चौकोनाला तर कडा आहेत, कोपरे आहेत, भोवती पांढरी जागा आहे. तो चांगलाच मूर्त आहे! नाही ती वस्तू: झाड नाही, माणूस नाही, घर नाही. मालेविचचा स्वतःचा शब्दही 'वस्तुविरहित' असाच होता.

आता आपले वासुदेव गायतोंडे घ्या. १९२४ साली नागपुरात जन्मले, १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. मधून पदविका घेतली, २००१ साली वारले. त्यांनाही 'अमूर्त' हा शिक्का मान्य नव्हता. आपली चित्रं 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे वस्तुनिरपेक्ष आहेत, असं ते म्हणत.

शब्द जवळचे, चित्रं मात्र निराळी. सुरुवातीच्या काळात पाउल क्लेच्या प्रभावाखाली गायतोंड्यांकडेही रेषा आणि भौमितिक आकार होते. पुढे ते विरघळले. रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचा थर द्यायचा, खरवडायचा, पुन्हा द्यायचा. तिथे नजरेला धरायला कडाच सापडत नाही. ती हळूहळू आत जाते. मालेविच १९१८ मध्ये पांढऱ्यावर पांढरा तिरपा चौकोन काढतो, तेव्हा तो याच्या जवळ येतो. पण विसाच्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा शेतकऱ्यांच्या आकृत्या रंगवू लागला. गायतोंडे मात्र त्या कडा नसलेल्या जागेत दशकानुदशकं राहिले.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. वर्गात तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही अनेक वर्षं या दोघांनाही 'निर्गुण' म्हणून निकालात काढलं. विद्यार्थी माना डोलवायचे, तास संपायचा. ती चूक होती, बरं का! गायतोंड्यांना झेनची ओढ होती, हे खरं. पण तेवढ्यावरून चित्र वाचून होत नाही. आपल्या गंगाखेडच्या जनाबाई बघा. त्यांच्या कथेतला विठ्ठल जात्यावर दळायला बसतो, शेणी वेचतो. परंपरेनं निराकाराचा विचारसुद्धा पिठाने माखलेल्या हातांनी केला, आणि आम्ही तोच शब्द न बघण्याची सोय म्हणून वापरला.

तत्त्वज्ञानवाल्यांना काळा चौकोन आवडतो, कारण तो डोक्यात घेऊन घरी जाता येतं, असं आम्हाला वाटायचं. तेही अर्धंच खरं. त्याच्या बाजू काटेकोर नाहीत, रंगाला तडे गेले आहेत, आणि २०१५ मध्ये तपासणीत त्याच्याखाली आधीच्या रंगीत रचना सापडल्या. म्हणजे चौकोनालाही थर आहेत. तोही हाताचंच काम आहे.

मोबाइलवर चौकोन निदान ओळखू तरी येतो. गायतोंडे तिथे नुसता पिवळा डाग होतात. मग आपण त्यांची किंमत बोलतो: २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं. किंमत सांगता येते, म्हणून चित्र कळलं असं वाटतं.

परभणीहून सचखंड एक्सप्रेस थेट दिल्लीला जाते. तुमच्यापैकी कितीजण परीक्षेला, कामाला तिनेच जाता. तिथल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात गायतोंडे आहेत. सध्या चित्र लावलेलं आहे का, ते विचारून जा, आणि वीस मिनिटं एकाच चित्रापुढे उभे राहा. 'हे काय आहे?' हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत थकतो. पुढची पंधरा मिनिटं चित्राची.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ या.