पेव्हस्नरबुवांची शिरगणती

इंग्रजांची देवळं-घरं मोजायला शेवटी एक जर्मन यावा लागला. निकोलाउस पेव्हस्नर मूळचे लाइपझिगचे. नाझींनी १९३३ साली नोकरीवरून काढलं, ते इंग्लंडात आले आणि १९५१ ते १९७४ या काळात परगणावार ४६ खंड काढून बसले. सुरुवातीची कैक वर्षं गाडी पत्नी लोला चालवी, बुवा टिपणं घेत.

त्यातला हेरिफर्डशरचा खंड (१९६३) घेऊन मी किल्पेकला गेलो. हा गुरांचा नि सफरचंदांच्या दारूचा मुलूख. चर्च बाराव्या शतकातलं, तांबड्या दगडाचं. छपराखाली ओळीनं कोरलेली मुंडकी. त्यांत एक कुत्रा आणि ससा चक्क शेजारी शेजारी, मास्तरांनी एका बाकावर बसवल्यासारखे! मला हसू आवरेना. बुवा मात्र क्वचितच हसतात. कमान, शतक, शैली, पुढचं गाव! लग्न जमवणाऱ्या मध्यस्थानं उंची, गोत्र, नाडी सगळं चोख सांगावं. मुलगी हसते कशी, ते विचारू नये.

पण बुवा नसते तर मी दरवाजा पाहून थेट चहाला गेलो असतो. मान वर करायला लावतात, हे कबूल. खंड खिशात मावतो म्हणतात. खिसा ओव्हरकोटाचा हवा.