ख्रिस्तपुराणातील जुना करार : एक टिपण

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची चर्चा आपल्याकडे बहुधा भाषेपाशी सुरू होते आणि भाषेपाशीच संपते. त्यांची ओवी, त्यांची शब्दयोजना यांचे कौतुक यथार्थ आहे. परंतु हा ग्रंथ म्हणजे बायबलचे एक विशिष्ट वाचन आहे, याकडे भाषाभ्यासकाचे दुर्लक्ष होते.

१६१६ साली गोव्यात छापल्या गेलेल्या या ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षक येशू ख्रिस्ताच्या जगातील ‘आगमना’विषयी आहे, चरित्राविषयी नव्हे. चरित्र जन्मापासून सुरू होते. आगमनाला मात्र प्रतीक्षेची पार्श्वभूमी लागते. म्हणूनच ५९ अवस्वरांच्या ‘दुसऱ्या पुराणा’पूर्वी ३६ अवस्वरांचे ‘पहिले पुराण’ येते आणि त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातील कथा येते. या रचनेत जुना करार ही स्वतंत्र कथा उरत नाही. ती उत्तरार्धाची पूर्वपीठिका होते. पुढे रूढ झालेल्या ‘ख्रिस्तपुराण’ या समासानेही हेच साधले आहे. शिवपुराण म्हणताच आतील प्रत्येक आख्यान शिवाशी जोडून वाचावयाचे हा संकेत मराठी श्रोत्याला शिकवावा लागत नव्हता.

हे वाचन स्टीफन्स यांची स्वतःची निर्मिती नव्हे. लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू वाटेवरील दोन शिष्यांना मोशे व संदेष्टे यांच्या लेखनातील आपणाविषयीच्या गोष्टी उलगडून सांगतो. ख्रिस्ती परंपरेने त्याच दृष्टीने इसहाकाच्या अर्पणाच्या प्रसंगात क्रुसावरील बलिदानाची पूर्वछाया पाहिली.

तथापि याच मराठीत दुसरा पुरावाही आहे. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायल समाजात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिब्रू शास्त्रातील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. त्यांच्या दृष्टीने ही कथा कोणाची पूर्वपीठिका नाही. तिचा अर्थ तिच्यातच पूर्ण आहे. इसहाकाचा प्रसंग यहुदी नववर्षाच्या उपासनेत वाचला जातो, तो क्रुसाच्या संदर्भाविनाच. भाषा एक, कथा एक. केंद्र मात्र भिन्न.

येथे टीकाकाराची कसोटी लागते. ख्रिस्तकेंद्री वाचनाने विखुरलेल्या ग्रंथांना एकसूत्रता दिली, हे मान्य केले पाहिजे. त्या सूत्रात ओवताना मूळ कथेचा स्वतंत्र स्वर मंदावला, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. पहिली बाब सांगून दुसरी वगळणे हा भक्तिभाव होईल. दुसरी सांगून पहिली वगळणे हा उतावळेपणा. स्टीफन्स यांचे प्रामाणिकपण असे की, त्यांनी आपले केंद्र लपविले नाही, शीर्षकातच घोषित केले. त्या केंद्राची जाण ठेवून पहिले पुराण वाचले, तरच त्याच्या शब्दयोजनेचाही नीट उलगडा होईल.